कायझर्सलाउटर्नची मऊ तबकडी

माझ्या पर्समध्ये अकरा सुया होत्या. मुंबई विमानतळावर तपासणीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या बाईंनी डबी उघडली, एकेक सुई उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "मॅडम, ह्या कसल्या?"

"रेकॉर्डच्या."

"कसलं रेकॉर्ड? पोलीस रेकॉर्ड?"

मी बोटाने हवेत गोल फिरवून दाखवलं. काळ्या तबकड्या असायच्या ना गाण्यांच्या, त्यांच्यावर फिरते ती सुई. मग त्यांना आठवलं. त्यांच्या आजोबांकडे तसला बाजा होता म्हणे. डबी परत मिळाली, पण मागची रांग माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती फ्रांकफुर्टपर्यंत माझ्या पाठीला जाणवत होती.

मी पुण्यातल्या एका ध्वनिसंग्रहात काम करते. जुन्या तबकड्या धुवायच्या, योग्य सुई शोधून फिरवायच्या आणि त्यांचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, हे काम मी सव्वीस वर्षं केलं आहे. माझी भाची प्रज्ञा, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होती. तिथे एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात माळ्यावरची खोली तिने भाड्याने घेतली होती. घरमालक मूळचे जमैकाचे. त्यांच्याकडे चाळीसएक वर्षं जुनी एक तबकडी होती, जगात एकच, आणि ती आता पांढरी पडू लागली होती. प्रज्ञाने त्यांना सांगून टाकलं, माझी मावशी हेच काम करते. मग मला मेल आली: "मावशी, तू नाहीतरी रजा टाकणारच आहेस. ये ना."

मी पहिल्यांदा नाही म्हटलं. त्याला कारण होतं. पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे एका शाहिराची अशीच तबकडी आली होती. बाबासाहेबांवरची दोन गाणी, दुसरी प्रत कुठेही नाही. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर काळ्या लॅकरचा थर देऊन केलेल्या ह्या तबकड्या कारखान्यातल्या तबकडीसारख्या टणक नसतात. त्या मऊ असतात, आणि म्हाताऱ्या झाल्या की थर पत्र्यापासून सुटतो. माझी सुई अर्ध्या गाण्यात असताना पापुद्रा निघाला आणि भिंगरीसारखा फिरत जमिनीवर पडला. शाहिरांची मुलगी समोर खुर्चीत बसली होती. पिशवी उचलून, नमस्कार करून गेली. तेव्हापासून लॅकरची तबकडी आली की मी ती दुसऱ्या कुणाकडे द्यायची.

शेवटी मी प्रज्ञाला लिहिलं: येते, तबकडी बघते, पण हात लावणार नाही.

कायझर्सलाउटर्न, बुधवार

ऑक्टोबर होता. त्या उन्हाळ्यात फुटबॉलचा वर्ल्ड कप जर्मनीत होऊन गेला होता आणि काही बाल्कन्यांमधून अजून झेंडे लोंबत होते, पावसाने रंग गेलेले. गाव तांबड्या दगडाचं, चारी बाजूंनी जंगल. दुकानांत जर्मनइतकीच अमेरिकन इंग्रजी ऐकू येते, कारण जवळ अमेरिकन लष्कराचा मोठा तळ आहे.

घर टेकडीवर होतं. दार रेनाटे यांनी उघडलं. साठीच्या, उंच, केस अगदी बारीक कापलेले. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग हवामानाकडे, आणि लोकरीचे सपाट जोडे पुढे सरकवले. त्यांना इंग्रजी बेताचंच येत होतं. माझं जर्मन म्हणजे प्रज्ञाने फोनवर शिकवलेले चार शब्द. पण पहिल्या दिवसापासून आमचं जमलं, कारण दोघींनाही स्वयंपाकघरात उभं राहून बोलायची सवय.

व्हर्नन पासष्टी ओलांडलेले, रुंद खांद्यांचे, दोन्ही कानांमागे यंत्रं. एका बँडबरोबर बेस गिटार वाजवायला ते सैनिकांच्या क्लबांतून फिरले, रेनाटे भेटल्या, आणि मग शिलाई मशीनच्या कारखान्यात पंचवीस वर्षं राहिले. कान तिथेच गेले. समोर बसून, चेहरा दाखवून, सावकाश बोललं तर त्यांना समजायचं. फोन ते घेत नसत.

जेवायला त्यांनी स्वतः भात केला होता: नारळाच्या दुधात शिजवलेला, राजमा घातलेला, वर एक अख्खी मिरची. मिरची फोडायची नाही, नुसता वास लागू द्यायचा. मी फोडली. कोल्हापूरचं माहेर आहे, तिखटाचं मला काही वाटत नाही, असं म्हणाले आणि पुढची दहा मिनिटं मला बोलता आलं नाही. व्हर्नन पोट धरून हसले. रेनाटेंनी दही आणून ठेवलं, तेवढ्यापुरतं मला पुण्यात असल्यासारखं वाटलं.

जेवताना त्यांनी आपल्या जुन्या कामाची गोष्ट सांगितली. किंग्स्टन शहरात, तारुण्यात, ते एका स्टुडिओत होते. स्टुडिओ म्हणजे दुकानामागची एक खोली, मध्ये काच, काचेच्या अलीकडे यंत्रं. बाहेर अंगणात गाणारी मुलं-मुली सकाळपासून उभी असत. मालक बोट दाखवील तो आत. वादक ठरलेले; दिवसाला तीन-चार गाणी सहज व्हायची.

"आणि माझं काम तबकडी कापायचं," ते म्हणाले. "यंत्र परदेशातून जुनं आणलेलं. काळी तबकडी फिरते, वरून तापलेली सुई गाणं कोरत जाते, आणि कोरताना दोऱ्यासारखा कीस निघतो. तो कीस सतत उचलावा लागतो. ठिणगी पडली तर भडका. एकदा माझी भुवई गेली."

ह्या मऊ तबकड्या कशाला, तर नाचवाल्यांसाठी. आपल्याकडे मंडपवाला असतो तसे तिथे मोठमोठे स्पीकर घेऊन मोकळ्या जागेत नाच भरवणारे लोक होते. त्यांच्यात भयंकर चुरस. दुसऱ्याकडे नाही ते गाणं आपल्याकडे हवं. सकाळी गाणं झालं की दुपारी व्हर्नन तबकडी कापायचे आणि संध्याकाळी ती लोकांसमोर वाजायची. लोकांनी 'पुन्हा' म्हणून गलका केला तर मग कारखान्यात छापायला जायची. नाही केला तर गाणं संपलं. दुसऱ्या नाचवाल्याचा माणूस येऊन नाव वाचेल म्हणून लेबल खरवडून टाकायचे.

"मग गाणाऱ्याचं नाव?" मी विचारलं.

"लोक आवाज ओळखायचे," ते म्हणाले. मग म्हणाले, "कधी कधी."

मी आमच्याकडच्या कॅसेटवाल्यांचं सांगितलं. भीमजयंतीच्या आधी पंधरा दिवसांत दहा गाणी व्हायची, कव्हरवर कवीचं नाव चुकीचं, गायिकेचं नाव नाहीच, आणि तबलजीला विचारणारं कुणी नाही. व्हर्नननी मान डोलावली. त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

सुरुवातीला तिथलं संगीत फार पळणारं होतं. मग एका वर्षी ते सावकाश झालं. ह्या सावकाश चालीला रॉकस्टेडी म्हणू लागले, आणि ती आणखी रेंगाळली तेव्हा रेगे. लोक म्हणतात त्या वर्षी उन्हाळा कडक होता, नाचणारे दमायचे. व्हर्ननना हे पटत नाही. त्यांनी टेबलावर अंगठ्याने बेस वाजवून दाखवला: दोन ठोके, मग मोकळी जागा, मग एक. "बेसवाल्याला गप्प बसायची चव कळली. एवढंच झालं."

मग त्यांनी तबकडी आणली. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली, दहा इंची. त्यावर त्यांची धाकटी बहीण मर्ल गायली होती, सतरा वर्षांची असताना. मालकाला गाणं आवडलं नाही. टेप महाग, म्हणून त्याच टेपवर, त्याच वाद्यांवर दुसऱ्या मुलीचा आवाज भरला आणि मर्लचा पुसला गेला. दुसऱ्या मुलीचं गाणं शहरभर गाजलं. मर्ल वर्षभरात इंग्लंडला गेली, बर्मिंगहॅमला इस्पितळात कामाला लागली. आता नाताळला एकमेकांना कार्ड पाठवतात, बस. टेप पुसण्याआधी व्हर्नननी ही एक तबकडी कापून ठेवली होती. मर्लला ते माहीत नव्हतं.

"किती वेळा वाजवलीत?" मी विचारलं. मऊ तबकडी प्रत्येक फेऱ्याला झिजते.

"एकदाही नाही."

मी ती दिव्याखाली धरली. पांढरी साय आली होती. ती धुऊन निघते. पण कडेला, जिथून गाणं सुरू होतं तिथे, लॅकरला बारीक भेग होती आणि नखाएवढा तुकडा उचलला गेला होता. मला शाहिरांच्या मुलीची पिशवी आठवली. मी तबकडी अभ्र्यात परत ठेवली आणि म्हणाले, "उद्या सांगते."

रात्री माळ्यावर प्रज्ञाने विचारलं, "नाही म्हणणार ना तू?"

"पुढच्या वर्षी तो तुकडा आपोआप पडेल," मी म्हणाले. "आणि मग बाकीचाही."

"आल्झो?" ती म्हणाली. तिकडे राहून मराठी मुलं वाक्यावाक्याला हे 'आल्झो' लावतात. 'मग काय तर' ह्या अर्थी.

"मग चांगला टर्नटेबल लागेल."

आखन, शुक्रवार

टर्नटेबल आखनला मिळाला. तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत प्रज्ञाची मैत्रीण आवाजावर संशोधन करत होती. तिच्या प्रयोगशाळेत एक जुना, जड, वेग बारीक बदलता येणारा टर्नटेबल पडून होता. सोमवारपर्यंत परत आणायच्या बोलीवर तिने तो दिला, आणि चार वेगवेगळ्या कागदांवर प्रज्ञाच्या सह्या घेतल्या.

आखनमध्ये मराठी मुलं इतकी आहेत की बसस्टॉपवर मला कुणीतरी "काकू, सरका जरा" म्हणालं आणि मी सरकले, मग लक्षात आलं. मुलींच्या वसतिगृहात पिठलं-भात झाला. कोथिंबीर हॉलंडमधली, तिथली जुडी मोठी असते म्हणून एकजण सायकलवरून सीमा ओलांडून घेऊन आली होती. देश बदलून कोथिंबीर आणायची आणि वर ती निवडायला मावशीपुढे ठेवायची, ह्याची मला गंमत वाटली.

परत येताना घोळ झाला. जर्मनीत काही गाड्यांचे मधल्या स्टेशनवर दोन तुकडे होतात आणि दोन तुकडे दोन दिशांना जातात. तशी घोषणाही होते. आम्ही दोघी टर्नटेबल मांडीवर घेऊन पेंगत होतो. जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या टेकड्या होत्या आणि गाडीत आमच्याशिवाय एक कुत्रं आणि त्याचा मालक.

उलटी गाडी तासाभराने होती. स्टेशनसमोर एका घराच्या अंगणात बाकं मांडली होती. द्राक्षतोड चालू होती, आणि त्या दिवसांत तिथे नुकता फसफसू लागलेला द्राक्षाचा रस पितात, बरोबर कांदा घातलेला गरम केक खातात. नीरा दुपारनंतर जशी जिभेला चावते तशी त्याची चव. मी अर्धा ग्लास घेतला आणि केक दोन घेतले. प्रज्ञा तोंड पाडून बसली होती. घोषणा तिने ऐकायला हवी होती, पाच वर्षं ती ह्या देशात आहे, असं ती स्वतःलाच बोलत होती.

"अगं, कान असून ऐकलं नाही असं सगळ्यांचं होतं," मी म्हणाले.

कायझर्सलाउटर्न, शनिवार

सकाळ डिस्टिल्ड वॉटर शोधण्यात गेली. औषधाच्या दुकानात प्रज्ञाने विचारलं तर त्यांनी कशासाठी, किती, कुणाला, असं तपासून घेतलं आणि शेवटी सांगितलं की इस्त्रीच्या सामानाबरोबर ते सुपरमार्केटात मिळतं. तिथे ते पाच लिटरच्या खाली नव्हतं. मला पाव लिटर पुरलं. उरलेलं रेनाटेंनी खरंच इस्त्रीला घेतलं.

दुपारी त्यांनी आपल्या भागाचा मानाचा पदार्थ केला होता: डुकराच्या पोटाच्या पिशवीत बटाटा आणि मांस भरून उकडतात, मग काप करून परततात. नाव ऐकून मी जरा थबकले. खाल्ल्यावर दुसरा काप मागून घेतला. त्यामुळे माझा त्या घरातला दर्जा वाढला.

मग तबकडी धुतली. पाण्यात साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, खोबणींच्या दिशेनेच हात फिरवायचा. साय निघाली तशी काळी चकाकी आली. उचललेल्या तुकड्याजवळ मी ब्रश नेला नाही. व्हर्नन शेजारी बसून बघत होते. माझ्या हातांकडे पाहत ते एकदाच म्हणाले, "तुम्ही घाबरलाय."

"हो."

"बरं आहे," ते म्हणाले.

मी त्यांना शाहिरांच्या तबकडीची गोष्ट सांगितली. चेहरा समोर ठेवून, सावकाश. त्यांनी ती पूर्ण ऐकली आणि विचारलं, "ती मुलगी परत आली?"

"नाही."

"तुम्ही गेलात तिच्याकडे?"

मी गेले नव्हते. पत्ता रजिस्टरमध्ये होता.

रविवार

जर्मन रविवार माझ्या कामासाठीच केलेला असावा. दुकानं बंद, ड्रिल बंद, गवत कापायचं यंत्र चालवलं तर शेजारी बेल वाजवतो. रस्त्यावर गाडी नाही. खिडक्या लावल्यावर खोलीत फक्त व्हर्नन यांचा श्वास ऐकू येत होता.

मी त्यांना समोर बसवलं आणि अडचण सांगितली. गाणं कडेपासून सुरू होतं आणि तुकडा कडेलाच आहे. तिथून सुरुवात केली तर सुई तुकड्यात अडकून सगळा थर ओरबाडू शकते. तेव्हा आधी भेगेच्या पुढून सुई ठेवायची, बाकीचं गाणं वाचवायचं. मग शेवटी सुरुवात करून बघायची. ती बहुतेक जाईल.

"सुरुवातीला काय आहे?" मी विचारलं.

"चार ठोके. मग बेस. मग तिची अर्धी ओळ."

"गेली तर चालेल?"

त्यांनी रेनाटेंकडे पाहिलं, मग होकारार्थी मान हलवली.

अकरांपैकी सातवी सुई बसली. मी हात टेबलावर टेकवून सुई खाली सोडली. आधी खरखर, मग एकदम खोल, गोल बेस, आणि त्याच्यावर एक मुलगी. आवाज बारीक नव्हता. घशात किंचित वाळू असलेला, ओळीच्या शेवटी हसल्यासारखा. इंग्रजीचे शब्द मला अर्धेच कळले. कुणीतरी फाटकाशी उभं राहून वाट बघतंय एवढं कळलं. गाणं लॅपटॉपवर उतरत होतं आणि मी आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यांकडे बघत होते. तुकडा प्रत्येक फेऱ्याला सुईपासून बोटभर अंतरावरून जात होता. गाणं संपलं, सुई उचलली, आणि मग मला कळलं की मी पाय आखडून बसले होते.

मग सुरुवात. दुसऱ्या ठोक्याला तुकडा निघाला. आवाज झाला नाही. टर्नटेबलवरून घरंगळून तो गालिच्यावर पडला आणि प्रज्ञाने तो चमच्याने उचलून बशीत ठेवला. चार ठोक्यांपैकी दोन मिळाले; बेसची सुरुवात आणि अर्धी ओळ गेली.

"गेली," मी म्हणाले.

"बाकीचं?" व्हर्नन म्हणाले.

मी स्पीकर लावले. ते पुढे वाकून बसले, तळवा स्पीकरवर ठेवून. बेसबरोबर त्यांचं डोकं हलत होतं. गाणं संपलं तेव्हा ते म्हणाले, "बेस चांगला आहे. ड्रम चांगला आहे." आणि मग, "मर्ल कुठे आहे?"

मी रेनाटेंकडे पाहिलं नाही. बेस कमी केला, मधले सूर चढवले, पुन्हा लावलं. आणखी चढवलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "शेजारच्या खोलीत कुणीतरी आहे."

त्यापलीकडे यंत्राला काही करता येत नव्हतं. रेनाटे उठून खिडकीशी गेल्या. व्हर्नननी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तुमचे कान धड आहेत. मला खरं सांगा. ती सुरात आहे का?"

मला प्रश्न आवडला नाही. म्हाताऱ्या माणसाने जपून ठेवलेल्या गोष्टीवर मी निकाल का द्यावा? पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि ओठ वाचत होते.

"तिसऱ्या ओळीत एकदा उतरते," मी म्हणाले. "ओळीच्या मध्यावर. लगेच सावरते. बाकी सगळं सुरात आहे."

त्यांनी डोळे मिटले. मग जे सांगितलं ते रेनाटेंनाही माहीत नव्हतं. प्रज्ञा हळू आवाजात त्यांना जर्मनमध्ये सांगत गेली.

मालकाला गाणं आवडलं नाही, ही खरी गोष्ट नव्हती. मालक त्या दिवशी अर्धा वेळ फोनवर होता. गाणं संपल्यावर त्याने आत डोकावून विचारलं, "व्हर्नन, कशी होती पोरगी?" आणि व्हर्नन म्हणाले, "सूर उतरतो." मालक म्हणाला, मग दुसरी आण. एवढंच. टेप व्हर्ननच्या हातांनी पुसली गेली.

"त्या अंगणात मुलींचं काय होत होतं ते मी रोज बघत होतो," ते म्हणाले. "मला ती तिथे नको होती. नंतर मला कळेना, की तिचा सूर खरंच उतरला होता म्हणून मी बोललो, की ती जावी म्हणून मला तो उतरलेला ऐकू आला. म्हणून तबकडी ठेवली. आज ऐकू, उद्या ऐकू. आणि मग कान गेले."

त्यांनी डोळे उघडून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"उतरला हे खरं," मी म्हणाले. "पण मी गाणं ठेवलं असतं."

त्यांनी हे दोनदा म्हणवून घेतलं. पहिल्यांदा त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं असं मला वाटत नाही.

रविवार, दुपार

फोन रेनाटेंनी लावला. त्यांनी व्हर्ननना विचारलं नाही. नाताळच्या कार्डांच्या डब्यातून नंबर काढला, स्पीकरचं बटण दाबलं आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

मर्लबाईंचा आवाज जाड झाला होता, पण ती वाळू तशीच होती. मी तो लगेच ओळखला. आधी त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. कुणी गेलं नाही हे पटवण्यात दोन मिनिटं गेली. मग व्हर्नन बोलू लागले. समोरून काय येतंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ते न थांबता बोलले: तबकडी, मालकाचा फोन, प्रश्न, उत्तर, पुसलेली टेप. सगळं, क्रमाने, पोलिसांना जबानी द्यावी तसं. संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पलीकडे, दूर कुठेतरी नळ चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला. मग मर्लबाई बोलल्या. त्यांचे उच्चार मला जड गेले, मी दोनदा विचारून घेतलं आणि मग व्हर्ननसमोर तोंड नेऊन सांगितलं:

"त्या म्हणतायत, मध्ये काच होती. तुला 'नाही' म्हणून मान हलवताना मी बघितलं. मला त्याच दिवशी कळलं होतं."

व्हर्नन माझ्या ओठांकडे बघत राहिले, जणू अजून काही शब्द येणार आहेत. मग त्यांनी फोनकडे वाकून विचारलं, "मग कधी बोलली का नाहीस?"

"तू कधी बोललास?" हे मला सांगावं लागलं नाही. ते एवढ्या मोठ्याने आलं की त्यांना ऐकू गेलं.

मग त्या म्हणाल्या, "गाणं लाव."

मी स्पीकर फोनजवळ सरकवला. सुरुवात नाही हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. "माझी पहिली ओळ कुठे आहे?"

"ती माझ्या सुईखाली गेली," मी म्हणाले. "मला माफ करा."

"तुम्ही कोण?"

"मी पुण्याहून आले आहे. इंडिया."

"एवढ्या लांबून?" त्या म्हणाल्या. "असू दे. पहिली ओळ मला पाठ आहे."

मी परत पहिल्यापासून लावलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. त्या रडल्या वगैरे नाहीत; निदान आवाजावरून तसं कळलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "सांगा त्याला. तिसऱ्या ओळीत मी खाली आलेले नाही. मी उशिरा आले. बेस मागे थांबला होता, मी त्याच्यासाठी थांबले. सगळं गाणं तसंच थांबत थांबत आहे. त्याला एवढंही कळत नव्हतं आणि तो काचेमागे बसला होता."

मी हे शब्दशः सांगितलं. व्हर्नन ताठ झाले. "बेस मागे नव्हता! ह्या बाईंनी ऐकलंय. सूर उतरलाय!"

"त्या बाईंना कुणी विचारलं?" मर्लबाई म्हणाल्या.

रेनाटेंनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि प्लमच्या केकचा मोठा तुकडा ताटलीत घातला. बाहेर दोघं ओरडत होती. शेजाऱ्याने खिडकीतून पाहिलं, घड्याळाकडे बोट दाखवलं. रेनाटेंनी पडदा ओढून घेतला.

पुणे

परतल्यावर मी ती ओळ बऱ्याच वेळा ऐकली. कॉम्प्युटरवर सुराची रेघ काढून पाहिली. रेघ खाली येते. पण बेसही तिथे उशिरा येतो, हेही खरं आहे. रविवारी मी फक्त काट्यांकडे बघत होते. दोघांपैकी कोण बरोबर हे मला आता सांगता येत नाही, आणि व्हर्ननना मी तसं पत्राने कळवलं. सीडीच्या दोन प्रती केल्या. लेबलवर मर्लबाईंचं पूर्ण नाव लिहिलं, बेस आणि ड्रम वाजवणाऱ्यांची नावं व्हर्ननना विचारून लिहिली, आणि तबकडी कापणाऱ्याचंही.

त्या महिन्यात मी रजिस्टर काढून शाहिरांच्या मुलीचा पत्ताही शोधला आणि एका रविवारी सोलापूरला जाऊन आले. अर्धं गाणं तरी उतरलं होतं, ते कधी कुणी तिला दिलंच नव्हतं. तिने चहा केला. गाणं ऐकलं. उरलेलं अर्धं तिने म्हणून दाखवलं, तेव्हा मात्र माझं आवाज उतरवायचं यंत्र सोबत होतं आणि चालू होतं.

एप्रिलमध्ये प्रज्ञाची मेल आली. मर्लबाई बर्मिंगहॅमहून आल्या आहेत, पंधरा दिवस राहणार आहेत. पहिल्या दिवशी दोघं फार सभ्यपणे वागली, खुर्ची दे, चहा घे. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला कुणीतरी तिसरी ओळ काढली. तेव्हापासून भांडण चालू आहे. प्रज्ञाला माळ्यावर थिसिस लिहिता येत नाही, शेजारी दोनदा येऊन गेला, रेनाटे बागेत जाऊन बसतात. मर्लबाई उभ्या राहून, व्हर्ननच्या तोंडासमोर तोंड नेऊन ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात.

खाली एकच वाक्य होतं: "मावशी, त्यांना सगळं ऐकू येतंय."